त्रेपन्नावा आठवडा

१

एका घराचे बावन्न मालक, ही भानगड अप्पांच्या गळी उतरवायला आईला अख्खं वर्ष लागलं होतं. तळ्याकाठी चार मजली इमारत. दुसऱ्या मजल्यावर सत्तावीस नंबरचा फ्लॅट: बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर आणि तळ्याकडे तोंड केलेली गॅलरी. वर्षाचे आठवडे बावन्न, म्हणून मालकही बावन्न. ज्याचा जो आठवडा तो त्याचा. शनिवारी दुपारी चारला किल्ली घ्यायची, पुढच्या शनिवारी सकाळी दहाला परत करायची. मधले सहा तास झाडू-पोछावाल्यांचे. आपला आठवडा विकता येतो, कुणाला बक्षीस देता येतो, आपल्यामागं मुलांच्या नावावर चढतो.

अप्पा तेव्हा एका कारखान्याच्या भांडारात मोजणीला होते. खिळा असो की पिंप, मोजल्याशिवाय त्यांच्या हातून काही पुढं जात नसे. त्यांनी विकणाऱ्या माणसाला तिथंच धरलं. "बावन्न साते तीनशे चौसष्ट. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. वरचा एक दिवस कुणाच्या बापाचा?"

"त्याचं कंपनी बघते, साहेब," तो माणूस हसत म्हणाला होता.

"मला द्या की उरलेले दिवस," आई म्हणाली होती. "मी राहीन इथं. मला कुठं घाई आहे?"

ती हसण्यावारी नेण्याचीच गोष्ट होती आणि सगळ्यांनी ती तशीच नेली. त्यानंतर एकतीस वर्षं वर्षाचा पहिला आठवडा या कुटुंबानं तिथं काढला. बाकीच्या एक्कावन्न मालकांचं तोंड कधी दिसलं नाही. दिसायचं ते त्यांचं मागं राहिलेलं: न्हाणीघरात एखादा लांब केस, खणात अर्धी पेन्सिल, एकदा तर कुणाची तरी कवळी. आईनं ती चिमट्यानं उचलून खाली देऊन टाकली होती आणि पुढं दोन दिवस कुणाचं जेवण गेलं नव्हतं.

दहा महिन्यांपूर्वी आई गेली.

२

लेक एका मोठ्या शाळेत शिकवायची आणि शाळेचं वेळापत्रक बसवायची. साठ शिक्षक, चाळीस वर्ग, आणि एकाचा तास दुसऱ्यावर चढला असं कधी झालं नाही. म्हणून शाळेत तिला घड्याळबाई म्हणत. मुलं पाठीमागं म्हणत, अप्पा तोंडावर.

आई गेल्यापासून अप्पा सुकत चालले होते. जेवण टाकायचं, दाढी राहायची, दुपारभर खुर्चीत बसून राहायचं. एवढी एक सवय मात्र सुटली नव्हती. औषधाच्या गोळ्या हातावर घेऊन मोजायचे, मोजून परत डबीत टाकायचे आणि घ्यायला विसरायचे. घड्याळबाईनं मनाशी पक्कं केलं होतं: अप्पांना आपल्या घरी आणायचं, आणि तळ्याकाठचा आठवडा कंपनीला परत करून टाकायचा. एकदा तो विषय मिटला की अप्पा मागं बघत बसणार नाहीत, असं तिला वाटत होतं. आई गेलीच होती. अप्पा हातचे जाऊ द्यायचे नव्हते.

परत करायचा नियम साधा होता. मालकानं आपल्या आठवड्यात स्वतः येऊन तिथल्या ऑफिसात सही करायची. ऑफिस रविवारी उघडं असायचं.

तारखांचं सगळं आजवर आईच बघायची. कंपनीकडून दरवर्षी आठवड्यांचं कार्ड यायचं आणि ती ते फ्रिजवर लावायची. यंदा फ्रिजवर मागच्याच वर्षीचं कार्ड होतं. घड्याळबाईनं त्या शनिवारपासून बावन्न आठवडे मोजले, तारखेवर गोल केला आणि शाळेत रजा टाकली. एवढ्याशा हिशोबाला कार्ड कशाला हवं, असं वाटून कंपनीची पाकिटं ज्यात पडायची तो आईचा खण तिनं उघडलाही नाही.

३

निघायला पावणेअकरा झाले. सव्वादहाला निघायचं होतं, पण अप्पा मोजे शोधत बसले होते. मोजे सापडले तेव्हा ते पायातच होते.

"अप्पा, धन्य आहे तुमची!"

"अगं, मी जोड्या मोजत होतो. पाच भरल्या. सहावी कुठं गेली म्हणून शोधत होतो."

बऱ्याच दिवसांनी दोघंही हसली. गाडी तिनंच चालवली. पोचेपर्यंत चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

फाटकाजवळच्या केबिनमध्ये किल्लीवाला होता. गेली वीस वर्षं तोच होता. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली आणि ओळखीचं हसला.

"आलात का? या, या. मंडळी वर आहेत."

"कोण मंडळी?"

"अहो ताई, तुमचीच. सकाळीच किल्ली घेऊन गेलीत. थांबा, दुसरी देतो." त्यानं फळीवरून जोडकिल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. मागं दुसरी गाडी पों-पों करायला लागली होती, म्हणून ती पुढं निघाली.

"बिचारा म्हातारा झालाय," अप्पा जिना चढता चढता म्हणाले.

"तुमच्याहून दहा वर्षांनी लहान आहे तो."

"मग काय झालं? मी नाही का झालो?"

वर कुणी नव्हतं. फरशी नुकतीच पुसलेली, ओलसर. ओट्यावर दोन कप उपडे घातलेले आणि त्यांच्याखाली पाण्याची ओली वर्तुळं. झाडूवाल्यांनी चहा घेतला असेल, तिनं मनात म्हटलं. आपल्या आधीच्या मालकांना निघायला उशीर झाला असेल आणि किल्लीवाल्यानं त्यांनाच आपली मंडळी समजून टाकलं असेल. सगळ्याला कारण होतं.

मग तिचं लक्ष नळाकडं गेलं.

तो नळ पहिल्यापासून गळका. किती वेळा सांगूनही दुरुस्त झाला नाही. थेंबाच्या टपटपीनं अप्पांना झोप यायची नाही, म्हणून आई आल्या आल्या एक काम करायची. नळाच्या तोंडाला पांढरा दोरा बांधायचा आणि त्याचं टोक खाली मोरीत सोडायचं. थेंब दोऱ्यावरून ओघळत जायचा आणि आवाज बंद व्हायचा. निघताना दोरा सोडून ती पर्समध्ये ठेवायची. एक्कावन्न अनोळखी लोकांसाठी आपला दोरा का ठेवायचा, असं म्हणायची.

नळाला पांढरा दोरा बांधलेला होता. पाणी त्यावरून खाली जात होतं, मुकाट.

एक्कावन्न मालकांत आणखी कुणाला ही युक्ती सुचणार नाही का? न सुचायला काय झालं! घड्याळबाईनं स्वतःलाच बजावलं आणि सामान लावायला घेतलं. दोऱ्याला हात मात्र लावला नाही.

४

आतल्या खोलीचं दार उघडेना. कडी नव्हती, कुलूप नव्हतं. तिनं खांदा लावून पाहिला. लाकूड ओलीनं फुगलं असावं. अप्पा म्हणाले, "राहू दे गं, बाहेरच टाकू गाद्या." तशा त्यांनी टाकल्या.

सकाळी ती उठली तेव्हा अप्पा आंघोळ करून गॅलरीत बसले होते. दाढी केलेली. समोर तळ्यावर धुकं होतं. त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. दहा महिन्यांत हे पहिल्यांदाच झालं होतं. तिला इतका आनंद झाला की तिसरी वाढताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"झोप लागली ना?"

"मस्त! आत गप्पा चालल्या होत्या, त्या ऐकता ऐकता डोळा लागला."

"शेजारच्यांच्या असतील. भिंती पातळ आहेत."

"असतील," अप्पा म्हणाले. मग पोळीचा तुकडा मोडत, "तुझी आई म्हणायची ना, उरलेले दिवस मला द्या म्हणून. किती खुळी होती बघ." ते हसले, पण नजर आतल्या खोलीच्या दाराकडं होती.

"अप्पा, आज सही करून टाकू या. मग उद्याच निघू. माझ्याकडं चला. नातवंडं वाट बघतायत."

"जाऊ की," ते म्हणाले. "आधी यादी."

स्वयंपाकघराच्या दारामागं सामानाची यादी टांगलेली असायची. खुर्च्या चार, कप सहा, बश्या सहा, अशा अकरा ओळी. आल्यावर मोजायचं, जाताना मोजायचं आणि खाली सही करायची. बाकीचे मालक न बघताच सही ठोकत असतील. अप्पा मोजायचे. दर वर्षी निघताना त्यापायी उशीर व्हायचा, आणि आई पिशव्या घेऊन दारात उभी राहून म्हणायची, "मोजा, मोजा! चमच्यांना पाय फुटलेत ना!"

अप्पांनी चष्मा लावला, सगळे चमचे टेबलावर ओतले आणि दोन-दोनच्या जोड्या लावायला लागले. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं आणि काळं होतं. भांडारात कधीतरी त्यावर खोकं पडलं होतं. त्या अंगठ्यानं चमचा सरकवायचा आणि आकडा तोंडानं म्हणायचा.

"तुमचं होईपर्यंत मी ऑफिसात जाऊन कागद तयार ठेवायला सांगते," ती म्हणाली.

"जा. दोन... चार..." त्यांनी मान वर केली नाही.

५

ऑफिसातल्या बाईंनी चष्म्यातून संगणकाकडं पाहिलं, मग घड्याळबाईकडं, मग परत संगणकाकडं.

"तुमचा आठवडा पहिला ना, मॅडम? तो पुढच्या शनिवारी सुरू होतो."

"असं कसं होईल? मागच्या वर्षी याच सुमारास आलो होतो. बावन्न आठवडे मोजलेत मी."

"हो, पण यंदा त्रेपन्न आहेत." बाईंनी शांतपणे समजावलं. बावन्न आठवडे झाले की वर्षाला एक दिवस उरतो, लीप वर्षी दोन. ते साठत जातात आणि पाच-सहा वर्षांनी त्यांचा एक अख्खा आठवडा होतो. "कार्डावर असतो बघा, लाल रंगात. आलं नाही का तुम्हाला?"

आलं होतं. आईच्या खणात पडून होतं, पाकीट न फोडलेलं. घड्याळबाईचे कान तापले. चाळीस वर्गांचं वेळापत्रक बसवणारी बाई एका आठवड्यानं चुकली होती. शाळेत कळलं असतं तर पोरांनी डोक्यावर घेतलं असतं.

"मग हा आठवडा कुणाचा आहे? आम्ही त्यांच्या घरात बसलोय की!"

"कुणाचाच नाही. तो आम्ही विकत नाही आणि देतही नाही. फ्लॅट रिकामा असतो." बाईंच्या कपाळावर आठी चढली. "पण तुम्हाला किल्ली दिली कुणी? नोंद झाल्याशिवाय किल्ली निघत नाही."

त्यांनी केबिनमधून नोंदवही मागवली. किल्लीवाला स्वतःच घेऊन आला आणि पान उघडून बोट ठेवलं. "ही काय. काल सकाळची."

फ्लॅट सत्तावीस. वेळ सव्वादहा. राहणारे दोन. पुढं सही.

सही अप्पांची होती. नावाखाली आडवी रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. मोजून झालं की एक टिंब, परत मोजून झालं की दुसरं; भांडारातली सवय. काल सव्वादहाला अप्पा घरी मोजे शोधत होते आणि ती जिन्यात उभी राहून हाका मारत होती.

"सही तुमच्यासमोर केली?" तिनं विचारलं.

"हो तर. तुमच्या आई पण होत्या बरोबर. त्या कधी बोलत नाहीत फारशा, तुम्हाला माहीतच आहे. पिशवी घेऊन जिन्याकडं उभ्या होत्या." किल्लीवाल्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. "ताई, बसता का जरा? पाणी देऊ?"

६

ती पळत आली. जिना दोन-दोन पायऱ्या करत चढली. कारणं शोधायचं तिनं सोडलं नव्हतं. किल्लीवाल्यानं जुनंच पान दाखवलं असेल. कुणीतरी सहीची नक्कल केली असेल. असेल काहीही, पण आता इथं थांबायचं नाही.

अप्पा गॅलरीत बसले होते, तळ्याकडं तोंड करून, हात कोटाच्या खिशात. स्वयंपाकघरात चमचे टेबलावर तसेच पसरलेले. पाच जोड्या लावलेल्या, उरलेले ढिगात. यादी जमिनीवर पडली होती.

"अप्पा, उठा. घरी जायचं."

"चला," अप्पा म्हणाले आणि उठले.

का, कशासाठी, सहीचं काय झालं, एक अक्षर नाही. तिला तेव्हा हायसं वाटलं. वाद घालायची ताकदच नव्हती तिच्यात. तिनं त्यांचा दंड धरला, जिना उतरवला, गाडीत बसवलं, पट्टा स्वतः लावला. ते शहाण्या मुलासारखे बसले.

"चष्मा कुठाय तुमचा?"

"वर असेल."

चष्म्याशिवाय त्यांना भिंत आणि दार यात फरक कळायचा नाही. ती परत वर गेली.

चष्मा टेबलावर नव्हता. आणि चमचेही नव्हते. टेबल स्वच्छ, रिकामं होतं. यादी जमिनीवरून गेली होती.

आतल्या खोलीचं फुगलेलं दार दोन बोटं उघडं होतं.

"...चौदा. सोळा. अठरा," आतून आवाज आला. सावकाश, प्रत्येक आकड्यामागं स्टीलचा बारीक आवाज. "चमचे अठरा. बरोबर. वाट्या."

फटीतून आतल्या टेबलाची कड दिसत होती आणि टेबलावर एक हात. डावा. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं, काळं. त्यानं एक वाटी पुढं सरकवली.

"मोजा, मोजा," कुणीतरी हळू म्हणालं. अगदी जवळून, दाराच्या मागूनच. "वाट्यांना पाय फुटलेत ना."

घड्याळबाईचा हात दारावर होता. ढकललं असतं तर उघडलं असतं. ते आता मुळीच अडकलेलं नव्हतं. तिला ती हाक मारावीशी वाटली, दहा महिने जी घशात अडकली होती ती. पण डोकं ठिकाणावर होतं, आणि डोकं सांगत होतं की अप्पा खाली गाडीत आहेत. आत्ताच बसवून आलीस. पट्टा तू लावलास. एका माणसाला दोन ठिकाणी बसता येत नाही. एवढं तर वेळापत्रकातलं पहिलं कलम.

तिनं दार ओढून घेतलं. हळूच, आवाज न करता, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं ओढतात तसं. मग बाहेरच्या दाराला कुलूप घातलं आणि खाली आली.

किल्लीवाल्यानं किल्ली घेतली, गाडीत वाकून पाहिलं आणि वहीत लिहिलं. "आलात दोघं, निघालात दोघं. पहिली किल्ली राहू द्या, मंडळी आहेत अजून."

७

अप्पा आता लेकीकडं राहतात. तब्येत सुधारली. जेवण व्यवस्थित, झोप शांत, गोळ्या वेळेवर. नातवंडांना गोष्टी सांगतात, जुन्या दिवसांच्या, आणि त्यातला तपशील सगळा बरोबर असतो. जावई म्हणतो, तू त्यांना तिकडं नेऊन आणलंस हे फार चांगलं केलंस, माणूस सावरला. येणारे-जाणारेही तेच म्हणतात. डाव्या अंगठ्याचं नख चिरलेलं आहे, काळं आहे. तिनं पाहिलं, एकदा नाही, पुष्कळदा. चष्मा नवा केला. तो ते लावत नाहीत. लागत नाही म्हणतात.

एका दुपारी तिनं चमच्यांचा डबा त्यांच्यासमोर ठेवला. एक चमचा मुद्दाम काढून ठेवला होता.

"अप्पा, जरा बघता का, बारा आहेत का हे?"

त्यांनी डब्याकडं पाहिलं आणि मग तिच्याकडं. मायेनं हसले.

"असतील की," ते म्हणाले. "मोजायचं काय त्यात?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. नळ चालू केला, म्हणजे रडण्याचा आवाज बाहेर जाणार नाही. आपण दार ओढून घेतलं. आपल्याच हातानं.

त्याच संध्याकाळी तिनं कंपनीला कळवलं की आठवडा परत करायचा नाही. पुढचं कार्डही लगेच मागवून घेतलं, पुढच्या दहा वर्षांचं. ते आता फ्रिजवर लावलेलं आहे. पहिल्या आठवड्याकडं ती बघतही नाही. सहा वर्षांनंतरच्या लाल चौकटीभोवती तिनं गोल केला आहे आणि तो हिशोब तीनदा तपासला आहे. चुकलेला नाही.

अप्पा तेव्हा चौऱ्याऐंशीचे होतील. दोघेही.